डिकीखालचा तिरका जोड

नांदेडात मला दत्तात्रय पांचाळ म्हणून फार थोडे लोक ओळखतात. 'दस्तीवाले मामा' म्हटलं की मात्र मोंढ्यापासून विष्णुपुरीपर्यंत कोणीही पत्ता सांगेल. दस्ती म्हणजे आमच्याकडं हातरुमाल. माझी जरा मोठी असते, खांद्यावर टाकायची. ती माझ्या धंद्यात कशी आली ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायीच झाला.

मी डेंटर. अपघातात चेमटलेला पत्रा मूळच्या रूपावर आणणं हे माझं काम. लोकांना वाटतं, डेंटर म्हणजे हातोडा घेऊन बडवत बसलेला माणूस. खरं तर हातोडा सगळ्यात शेवटी येतो. आधी पत्रा कुठून कुठं ढकलला गेला ते बोटांनी चाचपायचं आणि मग त्याला आल्या वाटेनं परत पाठवायचं. घाईनं ठोकला तर पत्रा पसरतो आणि मग पापडासारखा वरखाली होत राहतो. असं काम करणारे डेंटर नांदेडात पुष्कळ आहेत, आणि त्यांची नावं मी सांगणार नाही.

अडतीस वर्षं हे काम केलं. मग डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी एकदमच राजीनामा दिला, तसं दुकान बंद केलं. पण घरी बसून करमेना, आणि लोकही बसू देईनात. जुनी गाडी घ्यायची म्हटली की 'मामा, जरा बघायला चला' म्हणून घेऊन जायला लागले. हळूहळू तोच धंदा झाला.

गाडी बघायला सकाळीच जावं. ऊन तिरपं असलं की पत्र्यातली लाट दिसते. भर दुपारी सगळ्याच गाड्या चांगल्या. आल्याआल्या बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं की मालकानं इंजिनाचं रडगाणं आपण यायच्या आधीच उरकून घेतलंय. दाराचं रबर जरासं ओढून आतली कड बघायची. कारखान्यात दोन पत्रे ठिपक्याठिपक्यांनी चिकटवलेले असतात, सारख्या अंतरावर गोल खळ्या असतात. त्या खळ्या जिथं गायब, तिथं कोणाचा तरी हात फिरलेला आहे. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवायचं. ते जिथं चिकटत नाही, तिथं पत्र्यावर पुट्टीचा थर आहे. एवढं केलं तरी गाडीची निम्मी कुंडली कळते.

अडचण कळण्याची नाही, सांगण्याची असते. मालक समोर उभा असतो. माणूस स्वतःच्या तब्येतीबद्दल चार शब्द ऐकून घेईल, गाडीबद्दल नाही. सुरुवातीला एकदोनदा मी तोंडावर बोललो, तर एका गृहस्थानं दिलेला चहा माघारी घेतला. तेव्हापासून मी रीत पाडली. माणसाच्या दारात त्याच्या गाडीला नाव ठेवायचं नाही. गाडी पास असेल तर मी सहज हात पुसल्यासारखं करून दस्ती बोनेटवर टाकायची. नापास असेल तर दस्ती खांद्यावरच राहणार. घेणाऱ्याला ही खूण आधीच माहीत असते. सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा, 'कळवतो' म्हणायचं आणि निघायचं. कोणाचं मन मोडत नाही. ही रीत लोकांना फार आवडली. मलाही तिचा अभिमान होता, उगाच खोटं कशाला बोलू.

विष्णुपुरीच्या रस्त्याला एका टपरीवर रविवारी सकाळी सातआठ शौकीन जमतात. गाड्यांचे शौकीन. मीही जातो, कारण चहा ते पाजतात. तिथला वाद कायम एकच. सेडान घ्यावी, वॅगन घ्यावी, की एखादी जुनी गाडी घेऊन तिला हातानं उभी करावी? ह्या तिसऱ्या प्रकाराला ते 'प्रोजेक्ट' म्हणतात. माझ्या अनुभवात प्रोजेक्ट म्हणजे जॅकवरून खाली न उतरणारी गाडी.

ह्या टोळक्यात जाधव सर सगळ्यात पुढं. कॉलेजात पोरांना यंत्रं शिकवतात, चाळिशीचे आहेत, दोन लहान मुली आहेत. गेल्या वर्षी ते मला म्हणाले, "मामा, आता एकदाच घेणार. पण मनातली घेणार."

"मनात कोणती हाय?"

"वॅगन."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वॅगन म्हणजे पुढून सेडान, आणि मागं डिकीच्या जागी छत तसंच लांबवर नेलेलं. बसकी, रस्त्याला चिकटून पळणारी, वळणावर न झुलणारी, आणि मागं अख्खं बिऱ्हाड मावेल एवढी जागा. आपल्याकडं ह्या गाड्या फारशा चालल्या नाहीत. एवढे पैसे मोजून रुग्णवाहिका कशाला घ्यायची, असं लोकांना वाटायचं. शौकिनांचा मात्र तिच्यावर जीव. त्यातही जोरकस इंजिनाची असेल तर विचारूच नका.

सरांच्या पत्नी वर्षाताई ह्या बाबतीत पक्क्या सेडानवाल्या. "मला डिकी वेगळी हवी," त्या म्हणाल्या. "मेथीच्या जुड्या आणि माणसं एकाच खोलीत नकोत." मला हा मुद्दा बिनतोड वाटला. पण मी कोणती घ्या हे कधी सांगत नाही. जी दाखवाल तिचा पत्रा कसा आहे, एवढंच सांगतो.

पहिली गाडी कंधारकडं एका खेड्यात बघितली. प्रोजेक्टच. सरांना कोणीतरी फोटो पाठवला होता आणि त्यांची झोप उडाली होती. आम्ही तिघं गेलो. गोठ्याच्या बाजूला पत्र्याच्या शेडात गाडी उभी. मालक किशनराव, सत्तरीचे, डोक्याला पागोटं.

"चालू हाय का?" मी विचारलं.

"हाव, चालूच हाय की. नुस्ती बॅटरी टाका."

"शेवटची कधी काढली होती?"

"थोरलीच्या लग्नात."

थोरली दारातच उभी होती. तिचा मुलगा कॉलेजात शिकत होता.

मी दार उघडायला गेलो, तर किशनराव धावले. "त्या अंगानं न्हाई, मामा. शीटवर कोंबडी अंड्यावर बसलीया. चार दिसात पिल्लं निगतेत. तिला उठवू नका." मग मी गाडी कोंबडीला वळसा घालून तपासली. खालचा पत्रा गंजून पार चाळण झाला होता. सर मात्र तिच्या बोनेटवरून हात फिरवत होते. दस्ती खांद्यावरच राहिली. परतताना सर म्हणाले, "पण मामा, आकार बघा तिचा!"

"सर, तुम्ही गाडी न्हाई, भोकं इकत घेऊन राहिलात."

मागून वर्षाताई म्हणाल्या, "आकार कोंबडीला आवडलाय. तिच्याकडंच राहू द्या."

दुसरी नांदेडातच बघितली. सेडान, पांढरी, काचेसारखी चमकणारी. जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडं होती. वर्षाताईंनी डिकी दोनदा उघडून लावून बघितली आणि खूश झाल्या. पत्रा उत्तम, खळ्या जागच्या जागी. मी शेवटी सीटबेल्ट पूर्ण ओढला. शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला तो मातकट, आणि त्यावर वाळलेल्या गाळाची रेघ. गोदावरीला पाणी सोडलं की काठाच्या वस्त्यांत गाड्या बुडतात. मग त्या धुतात, सुकवतात, अत्तर मारतात. पण सीटबेल्टची गुंडाळी कोणी धूत नाही. मी पट्टा सोडला, तो सरकन आत गेला. दस्ती कुठं आहे ते वर्षाताईंनी सरांच्या आधी बघितलं आणि उसासा टाकला.

तिसरी लातूरला. हीच ती.

सरांचा सकाळीच फोन आला. आवाजावरूनच कळलं की माणूस हातचा गेला. "मामा, वॅगन. जोरदार इंजिन. एकच मालक नऊ वर्षं, आणि मालक असा की गाडी स्वतः धुतो."

वॅगन म्हटल्यावरच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. नाही चुकचुकली.

लातूरचे मल्लिनाथअप्पा तिथल्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत चालवतात, तूर आणि सोयाबीन. कपाळावर विभूती, पांढरा सदरा, गुडघे दुखतात म्हणून सावकाश चालणं. घर दुकानामागंच. "शरणार्थ, या या," म्हणत त्यांनी आम्हाला वाड्याच्या मागच्या अंगणात नेलं. राखाडी रंगाची वॅगन कडुलिंबाखाली उभी होती. चारी टायर सारखे झिजलेले, काचा स्वच्छ, आत कागदाचा एक कपटा पडलेला नाही. सरांचा चेहरा बघवत नव्हता, इतका फुलला होता.

"इकायचीच न्हवती," अप्पा म्हणाले. "पर माझे गुडगे आता एवढ्या खाली बसू देत न्हाईत. पोरं उंच गाडी पायजे म्हनून मागं लागलेत. दोन गिऱ्हाईकं येऊन गेली. एकजन टॅक्सीला लावतो म्हनला. म्या म्हनलं, न्हाई द्यायची. जो जपंल त्यालाच द्यायची."

मग त्यांनी मागचं दार वर उचललं आणि हसत म्हणाले, "हितं आमची नातवंडं बसतेत. तोंड मागल्या काचंकडं करून. शिटावर बसाच म्हनलं तरी बसत न्हाईत. उदगीरला सासरवाडीला जाताना ट्रकवाल्यास्नी टाटा करत जातेत."

मी पुढून सुरुवात केली. बोनेट थंड. पत्र्यात लाट नाही. चुंबक सगळीकडं चिकटलं. दारांच्या कडेला खळ्या होत्या. वर्षाताईंनी मेथीचा विषयही काढला नव्हता. सरांकडं बघून त्या मनातून तयार झाल्या असाव्यात. मी दस्ती खांद्यावरून काढून हातात घेतली होती. एवढंच राहिलं होतं, म्हणून मागचा गालिचा उचलला, स्टेपनी बाहेर काढली आणि तळाच्या पत्र्यावर बोटं फिरवली.

खळ्या होत्या. पण अंतर किंचित जास्त होतं. कारखान्यातलं यंत्र असं अंतर ठेवत नाही. मी नखानं रंग थोडा खरवडला, खाली पांढरा निघाला. आडवा सरळ जोड नव्हता. तिरका होता, पत्र्याच्या घडीच्या सावलीनं डावीकडून उजवीकडं गेलेला, आणि टोकाला एक बारीक पायरी.

असा जोड नांदेड-लातुरात एकच माणूस घालायचा. तो मीच.

आमचे वडील रेणापूरला बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचे. धावेची दोन टोकं ते सरळ कधी जोडत नसत. तिरकी तासून एकावर एक चढवत आणि तापवून एकजीव करत. तिरक्या जोडाची लांबी जास्त, म्हणून पकडही जास्त. पत्रा जोडताना मी तीच युक्ती वापरायचो. शिवाय तिरका जोड पत्र्याच्या घडीत लपतो. त्यावर मी खोट्या खळ्यासुद्धा पाडायचो, म्हणजे बघणाऱ्याला कारखान्याचंच काम वाटावं. त्या काळी माझ्यासारखाच एक जुना डेंटर दुकानात आला होता. मी त्याला पैजेवर अशा गाडीतला जोड शोधायला सांगितला. अर्धा तास शोधून तो हरला आणि चहा पाजून गेला. मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

ही वॅगन माझ्याकडं दोन गाड्या म्हणून आली होती. बाहेरगावच्या एका दलालानं ट्रकवर घालून आणली होती. एक निळी, मागून चुराडा झालेली. एक पांढरी, पुढून. त्याचं एकच म्हणणं, निळीचं पुढचं आणि पांढरीचं मागचं घेऊन एक गाडी करा, आणि जोड दिसता कामा नये. मी कागदपत्रं विचारली नाहीत, गाडी कोणाला विकणार तेही विचारलं नाही. दोन मेलेल्या गाड्यांतून एक जिवंत करतोय, ह्याच नशेत होतो. रंगाखालचा प्रायमर तेवढा मारून गाडी दिली. तो लांबून आला होता, म्हणून गाडीही लांब गेली असंच मी धरून चाललो. असं काम मी एकूण पाच गाड्यांवर केलं.

ह्यात वाईट काय, असं कोणी विचारेल. कारखान्यातली गाडी धडकली की ठरलेल्या ठिकाणी दुमडते, आणि ती दुमडते म्हणून आतला माणूस वाचतो. जोडलेली गाडी कुठं फाटेल ते मलाही सांगता येणार नाही. आणि सर ती वॅगन सावकाश चालवण्यासाठी घेत नव्हते.

"मामा?" सरांनी विचारलं. हातातल्या दस्तीकडं त्यांचं लक्ष होतं.

मी दस्ती पुन्हा खांद्यावर टाकली. स्टेपनी जागेवर बसवली, गालिचा अंथरला. अप्पांनी चहा मागवला. आम्ही चहा प्यालो, खारी खाल्ली. अप्पांनी तुरीच्या भावाबद्दल सांगितलं. मी मान डोलावत होतो. "कळवतो," सर म्हणाले आणि आम्ही निघालो.

आमची गाडी लातूरच्या बाहेर पडली. मग सर म्हणाले, "काय निघालं मामा?"

"मनाला पटली न्हाई."

"पत्रा?"

"पटली न्हाई म्हनलं ना."

"बरं," सर म्हणाले. "तुमचं मन म्हणजे आमचं मन." त्यांना एवढं वाईट वाटलं असतानाही ते असं म्हणाले, आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं. तरी मी स्वतःची समजूत घातली. आपलं गिऱ्हाईक वाचलं. आपण खोटं बोललो नाही. अप्पांच्या दारात त्यांच्या गाडीला नाव ठेवायचं नव्हतं, ते ठेवलं नाही. रीत पाळली. रीतीचा असा उपयोग असतो, तिच्या आड माणूस उभा राहू शकतो.

बारा दिवस मी तसाच राहिलो. जेवत होतो, रविवारी टपरीवर जात होतो. पण कोणी 'लातूर' म्हटलं की मी विषय बदलायचो. मागच्या काचेकडं तोंड करून बसलेली लेकरं डोळ्यांसमोर यायची. त्यांच्या बुडाखाली तो जोड.

तेराव्या दिवशी सकाळी अप्पांचाच फोन आला. माझा नंबर त्यांनी सरांकडून घेतला होता.

"मामा, सरांनी न्हाई घेतली. बरंच झालं म्हना. आता पोरंबी ऐकलेत, ऱ्हाऊ द्या म्हनलेत. उद्या सगळे हैदराबादला चाललाव, नातीची परीक्षा हाय. बारकी मागंच बसनार म्हनून हटून बसलीया. निगायच्या आदी एकदा गाडी दाखवावी म्हनलं. लातुरात कोन मिस्त्री बरा, ते इचारायला फोन केला."

मी चपला पायात घातल्या. मग म्हणालो, "अप्पा, गाडी काढू नका."

"काऊन?"

"मी येतो. आल्यावर सांगतो. तोवर कोणाला बसू देऊ नका त्यात."

मिळेल ती एसटी धरली. दुपारी लातुरात उतरलो, तिथून सरळ मोंढ्यात. अप्पा दुकानातून उठून अंगणात आले. त्यांनी चहा विचारला, मी नको म्हणालो. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. निळी गाडी, पांढरी गाडी, दलाल, मी. काही राखून ठेवलं नाही.

अप्पा म्हणाले, "दावा."

मी स्टेपनी काढली. ते दुखऱ्या गुडघ्यांवर, एका हातानं गाडीचा आधार घेत खाली बसले. मी त्यांचं बोट धरून जोडावरून फिरवलं. खरवडलेल्या ठिकाणी त्यांनी नख लावून बघितलं.

"हे तुमचं काम?"

"हाव."

"चांगलं केलाव," ते म्हणाले. हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला सोसेना.

मला वाटलं आता शिव्या बसतील. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. अप्पा उठले, हात झटकले आणि म्हणाले, "मामा, नऊ वर्सांचं मी समजू शकतो. तुमाला ठावं न्हवतं गाडी कुटं हाय. दलालानं मला फशिवलं, तुमी त्याचं काम केलाव. धंदा हाय, हुतं. पर त्या दिसी तुमी हितं बसून माझ्या घरचा च्या पेलाव. गाडी कोनाची हाय, तुमाला कळलं हुतं. सरांस्नी वाचिवलाव. मग ह्या बारा दिसांचं काय? बारा दिसांत आमी दोनदा उदगीरला जाऊन आलाव."

मी म्हणालो, "दारात बोलू नये, अशी माझी रीत हाय."

म्हणताना मला स्वतःलाच ते ऐकू आलं. अप्पांनी मागचं दार खाली ओढून लावलं.

हैदराबादला ते सगळे रेल्वेनं गेले. परत आल्यावर अप्पांनी गाडी लातुरातच एका गॅरेजात नेली आणि मला बोलावलं. "ही आता कोनालाच द्यायची न्हाई," ते म्हणाले. "भंगारात घातली तर उद्या दुसरा कोन तरी उचलून पुन्ना रंग दील. तुमी जोडलाव, तुमीच कापा. माझ्या समोर."

मी ग्राइंडर घेतला. उजवी बाजू आधी कापली. जोड पक्का होता, पत्रा आधी सुटला आणि जोड तसाच राहिला. माझ्या मनाला थोडा धीर आला, हे कबूल करतो. मग डावी बाजू. खालच्या अंगाला इंधनाच्या टाकीजवळ वीतभर जागेत वेल्डिंग पोचलेलंच नव्हतं. वरून नुसती पुट्टी. आत गंजाचा लाल चुरा. मी ग्राइंडर बंद केला, कारण ती वीतभर जागा मला आठवली. टाकी आडवी येत होती, ती पुन्हा उतरवायचा कंटाळा आला होता. 'हे नंतर बघू' म्हणालो होतो. नंतर दलाल गाडी न्यायला आला आणि मी पुट्टी दाबली. एवढ्या वर्षांत मी त्या गाडीची फुशारकी पुष्कळ ठिकाणी मारली, त्या वितेची आठवण मात्र एकदाही झाली नाही.

मी ते अप्पांना सांगितलं. त्यांनी त्या फटीत बोट घातलं आणि काढलं. बोटाला गंज लागला होता. मी त्यांना दस्ती दिली, त्यांनी तिला बोट पुसलं.

"असल्या अजून किती हायत?" त्यांनी विचारलं.

"चार."

"त्यांच्या दारात कोन जानार?"

त्या दिवसापासून मी ह्या चार गाड्यांच्या मागं आहे. दलालाचा नंबर कधीच बंद झालाय. जुन्या गिऱ्हाइकांना, ट्रकवाल्यांना, भंगारवाल्यांना विचारत फिरलो. एक सेडान सापडली ती परभणीच्या भंगारात, दाबून गठ्ठा केलेली. तिच्यात कोणी होतं का, ते तिथल्या माणसाला माहीत नव्हतं. दुसरी देगलूरला सापडली, चालू. मालकाच्या दारात जाऊन, त्याच्या बायकोपोरांसमोर, सगळं सांगितलं. त्यानं मला फाटकाबाहेर काढलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत शिव्या दिल्या. दोन दिवसांनी त्याचा फोन आला की गाडी उभी करून ठेवलीये, या. मी गेलो आणि कापली.

जाधव सरांनाही मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. वर्षाताई म्हणाल्या, "मामा, आम्हाला तेव्हाच सांगितलं असतं तर आम्हीच अप्पांना फोन केला असता." हेही खरं. शेवटी त्यांनी सेडान घेतली, करड्या रंगाची, साधी, बिनबोभाट. सर अजून रविवारी वॅगनवर बोलतात, पण माझ्यासमोर जरा आवाज उतरवून.

दस्ती आता फक्त घाम पुसायला. गाडीत काय आहे ते मी मालकाच्या दारात, मालकाच्या तोंडावर सांगतो. पुष्कळ जण आता मला बोलावत नाहीत. काही ठिकाणी चहा मिळत नाही.

ह्या अंकात लिहायला मी तयार झालो ते आठवणी सांगायच्या म्हणून नाही. दोन गाड्या अजून राहिल्या आहेत. एक वॅगन, एक सेडान. रंग काय असेल ते मी सांगू शकत नाही, माझ्याकडून त्या प्रायमरमध्ये गेल्या. कदाचित पाच हात फिरल्या असतील. तुमच्याकडं दहाएक वर्षांच्या आगेमागे ह्या भागातून घेतलेली अशी जुनी गाडी असेल, तर आज एक काम करा. मागचा गालिचा उचला. स्टेपनी बाहेर काढा. तळाच्या पत्र्यावरून बोट फिरवा. डावीकडून उजवीकडं तिरकी जाणारी रेघ लागली आणि तिच्या टोकाला बारीक पायरी लागली, तर ते काम माझं आहे. गाडी आहे तिथंच उभी करा. मी येईन, कुठंही असाल तरी येईन, आणि तुमच्या दारात उभं राहून ऐकून घेईन. पण शिव्या मागाहून द्या. आधी मागं बसलेल्या लेकरांना खाली उतरवा.